खाजं

वर्गात माझं नाव पडलं होतं खाजं.
जत्रेत मिळतं ना, कागदात गुंडाळलेलं,
गुळाच्या पाकात लोळवलेलं, आल्याचं, खडबडीत,
तसेच माझे कोपर, तशीच गुडघ्यांमागची घडी,
तशी मनगटाची आतली बाजू, जिथं बाकीच्या मुली
घड्याळाचा पट्टा बांधायच्या.

डिचोलीच्या डॉक्टर कुलासो म्हणाल्या, इसब.
शेजारची सुलोचनामावशी म्हणाली, नागाला दुखावलंय कुणीतरी.
पप्पा म्हणाले, सुंगटं बंद.

म्हणजे सगळ्यांचीच बंद.
आमच्या घरात त्या वर्षी श्रावण मार्चमध्येच आला.
बसची शेवटची फेरी संपवून पप्पा यायचे,
डाळ-भात कालवायचे, माझ्याकडे न बघता.
ते न बघणं
खाजेहून जास्त खाजायचं.

डॉक्टर म्हणाल्या होत्या, लिहून काढ.
काय खाल्लंस, काय घातलंस, कुणावर चिडलीस.
गणिताच्या वहीची मागची पानं:

सोमवार. नवा साबण. रात्री दोनला जाग.
मंगळवार. सुंगटं नाहीत. तरी खाज.
गुरुवार. टेरिकॉटचा युनिफॉर्म, घाम. मान.
शनिवार. काही नाही. काही केलंच नाही.
रविवार. सराव, मी गोलात. मनगटं पेटली.
सोमवार. उर्जितानं सगळ्यांसमोर खाजं म्हटलं.
(हे इथं लिहायचं का?)

झोपेत बोटं माझं ऐकत नाहीत.
सकाळी चादरीवर पिठासारखं काहीतरी,
आणि चार बारीक लाल टिपके.
मी चादर उलटी घालते.
आई ती पुन्हा सुलटी करते, काही बोलत नाही,
आणि त्या दिवशी दुपारी नेलकटर घेऊन बसते.

शेवंतीआत्या वीस वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडते.
तिच्या बोटांची टोकं काळी, जळक्या वातीसारखी.
तिनं चष्मा शोधला, वही दूर धरली, जवळ धरली.
"रविवारी रविवारी काय असतं गे बाय?"

मी ग्लोव्हज आणून दिले.
तिनं हुंगले. रबर, चिखल, गेल्या वर्षीचा घाम.
"आम्ही बसायच्या आधी हाताला तेल चोळतो,
बोटं राखेत बुडवतो.
चीक थेट कातडीला भिडता कामा नये.
मधे काहीतरी हवं."

मग आईनं पप्पांच्या जुन्या बनियनचे
आतले हातमोजे शिवले. उजवा अंगठा सैल झाला.
डॉक्टर म्हणाल्या, हे मला सुचायला हवं होतं,
आणि मलम कोरड्या अंगावर नको,
आंघोळ कोमट, टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं,
ओल आहे तोवरच लाव, राजा, ओल आत कोंडून घे.

पहिल्या रविवारी दोन गोल खाल्ले. सैल अंगठा.
मनगटं मात्र गार होती.
मयेच्या तळ्यावरून वारा येत होता आणि मी
गोलखांबाला टेकून उगाच हात पुढं धरून बघत होते,
कुणीतरी नवीन दिल्यासारखे.

एका बुधवारी घरभर हुमणाचा वास.
पप्पांनी पहिलं सुंगट माझ्या ताटात टाकलं,
आणि बघितलं. या वेळी सरळ बघितलं.
रात्रभर मी मनगटावर टॉर्च मारत राहिले.
काही झालं नाही.
पलीकडच्या खोलीतून पप्पांनी दोनदा विचारलं.

बरं झालं असं नाही म्हणता येणार.
डावा कोपर परीक्षेचं वेळापत्रक
माझ्याआधी वाचतो.
थंडीत गुडघ्यामागं पुन्हा ती भेगाळ जमीन.
कुठल्या लग्नात कुठलं अत्तर, कुणाची मांजर,
यादी वाढते, मधूनच एखादी ओळ खोडली जाते.

जत्रेत उर्जिता भेटली.
मी खाज्याचा पुडा तिच्यापुढं धरला.
तिनं एक उचललं, आणि हातातच धरून उभी राहिली,
खावं की नको, अशी.
"खा," म्हटलं. "आलं भरपूर आहे."

सोमवार. जत्रा. खाजं, अर्धा पुडा.
खाज: कोपर, थोडी.
चालेल.