सतरा नंबरचं पाकीट

आधीचा भाडेकरू जाताना फ्रीज विकून गेला,
पडदे ठेवून गेला,
आणि कपाटाच्या डोक्यावर एक बुटांचा खोका.
आत वीतभर इंजिन, अर्धंच झालेलं,
आणि बोटाएवढी पाकिटं, प्रत्येकावर नंबर.
पट्टी धरून काढावं तसं अक्षर.
फिटर असणार. नाव कुठेच नाही.

सोहारला रेल्वे नव्हती, मी आलो तेव्हा.
वाफ होती, हवी तेवढी.
दिवसभर रिफायनरीत मी तिच्याच मागे असतो:
पाइपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक, मुठीला कान,
कुठला ट्रॅप गळतोय, कुठला तुंबलाय
ते ऐकून खडूने खूण करायची.

रात्री भांडी आवरली की टेबलावर जुना पेपर,
भिंग, चिमटा,
अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल, तेही बोटांनीच फिरवायचं;
मशीन लावलं की पितळ बिथरतं.
कठड्याच्या खुंट्या सहा, बाजरीच्या दाण्याएवढ्या,
प्रत्येकीच्या डोक्यात भोक, त्यातून तार ओवायची.
चौथीपाशी तार अडते. रोज चौथीपाशीच.
फेविक्विकचा थेंब टाचणीच्या टोकावर घ्यायचा
आणि श्वास धरायचा.
एसी बंद, मे महिन्यात,
कारण झोतात एखादी खुंटी उडाली
आणि गालिच्यात गेली, की गेली.
शेजारचा शिबू दारातून डोकावतो,
माझा घाम बघतो, इंजिन बघतो,
काही न बोलता दार लोटून घेतो.

पाकीट चौदा: सेफ्टी व्हॉल्व्हची जोडी.
पंधरा: दिवा.
सोळा: वाळूच्या डब्याचं झाकण.
इंजिन पाठीवर वाळू बाळगतं हे मला माहीत नव्हतं,
रुळांवर चाकं घसरू नयेत म्हणून.
मी खिडकीची फट पुसली,
बोटाला आली तेवढी चिमूट
डब्यात भरली आणि झाकण चिकटवलं.

सतरा रिकामं.
यादीत बघितलं. शिटी.

मग एक जुना फेरूल घासला, आतून तार सोल्डर केली,
तीन रात्री गेल्या, शिटीसारखं काहीतरी झालं.
पण बसवायची कुठे? नकाशाचा तो कोपरा
चहाच्या डागाखाली.

कुर्डुवाडीला फोन लावला. द्वारकामावशींनी
वर्कशॉपच्या फाटकाशी तीस वर्षं भजी तळली.
मावशी, शिटी कुठल्या अंगाला असायची, डाव्या की उजव्या?
"दिसायची कुठं रं मला? नजर कढईत.
ऐकू यायची.
गोपीनाथ लांब वढायचा, मग मी घाणा टाकायची.
दामू तोडून तोडून. त्याची बायको गेल्यापासनं
वाजवायचाच न्हाई, फाटकवाला शिव्या द्यायचा."
मग लावू कुठे?
"लाव की कुठंबी. वाजणार हाय व्हय ती?"

डाव्या अंगाला लावली. जरा कललीच.
दुसऱ्या दिवशी पाइपाला कान लावला
तेव्हा आत बारीक, तोडून तोडून काहीतरी वाजत होतं.
ट्रॅप गळत होता. खडूने खूण केली.

घरी येऊन पाकिटावर माझ्या अक्षरात लिहिलं:
बसवली. वाजत नाही.
कंत्राट ऑगस्टपर्यंत आहे.
एकोणीस आणि वीस अजून फोडलेली नाहीत.