कूस

सोनटक्के सिस्टर म्हणाली, दर दोन तासांनी.
रात्रीसुद्धा? मी विचारलं.
"काका, कातडीले का रात्र समजते?"

तिने तुझ्या गुडघ्यांमध्ये उशी ठेवली,
पोटऱ्यांखाली दुमडलेली चादर,
टाचा अशा अधांतरी की खालून कागद सरकावा.
पाठीमागे दुसरी उशी, तिरपी.
खुब्याच्या हाडावर भार नको, नुसती कललेली,
बैलगाडी धुऱ्यावरून जाताना कलते तेवढी.
"आन् ओढायचं नाही. उचलायचं.
ओढलं का सोलते."

मी बारी. अंजनगावात जन्म गेला पानं फिरवण्यात.
करंडी उघडायची, ओलं पोतं बाजूला,
कवळी सोडून खालचं पान वर, वरचं खाली,
डागी दिसलं की काढायचं,
नाहीतर रात्रीतून शेजारचं जातं.
हे मला तू शिकवलंस, लग्न झालं त्या वर्षी.
माझी बोटं जाड. मी घाई करायचो.
तू म्हणायचीस,
"उचला न जी, ओढता कायले?"

आता भिंतीवर चुन्याने लिहितो:
डा. पा. उ. पा.
पानाला लावायचा तोच चुना, त्याच बोटाने.
दारापासून सुरू केलं होतं,
देवाच्या कोनाड्यापर्यंत आलोय.
भूषणने नाशकाहून हवेची गादी पाठवली.
गुरगुरते, एकीकडे फुगते, दुसरीकडे बसते,
लाइन गेली की मुकी होते.
"गादी हाय म्हनून फिरवनं सोडू नका,"
सिस्टर जाता जाता म्हणालीच.

मे महिन्यात एकदा झोप लागली.
कूलरमध्ये पाणी भरून जरा टेकलो
ते अकरापासून चारपर्यंत.
भिंतीवर दोन अक्षरं कमी.
सकाळी तुझ्या माकडहाडावर
रुपयाएवढा लाल डाग.
घाबरून खोबरेल घेतलं, चोळायला बसलो.
शेजारची गोकर्णाबाई दारातून म्हणाली,
भोग असतेत ज्याचे त्याचे.
सिस्टर स्कूटी लावता लावताच ओरडली,
"चोळू नका!"
मग बोट दाबून दाखवलं:
पांढरं पडून पुन्हा लाल झालं तर निभावलं.
लालच राहिलं तर आतून सुरुवात आहे.
लालच राहिलं.

भोग नव्हता, पंचफुला.
माझी झोप होती.

चार दिवस तुला पाठीवर टेकू दिलं नाही.
पाचव्या दिवशी दाबलं
आणि बोटाखाली पांढरं उमटलं.
ते बोट मी कितीतरी वेळ
दुसऱ्या हातात धरून बसलो होतो.
चहा निवला.

तुझी उजवी बाजू गेली तेव्हा शब्दही गेले.
एक "हं" राहिला,
आणि डाव्या हातातली बांगडी.

काल रात्री तीनची कूस झाली.
मी खाली सतरंजीवर, नेहमीसारखा,
तोंड तुझ्याकडे, अर्धा डोळा उघडा.
खाटेच्या लोखंडावर बांगडी वाजली.
उठलो. पाणी? नाही.
ओलं झालं? नाही.
टाचा पाहिल्या, चादरीची सुरकुती पाहिली,
उशी चाचपली.
पुन्हा बांगडी.
तू बोट माझ्याकडे केलंस,
मग तळहात हवेत हळूच पालथा घातलास,
करंडीतलं पान उलटावं तसा.

माझा डावा खांदा.
आठ महिने त्याच एका अंगावर.
सकाळी सदरा घालताना हात वर जात नाही
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"हं," तू म्हणालीस. विचारणारा नव्हे, सांगणारा.

फिरलो.
भिंत नाकाशी, चुन्याचा वास,
मागे गादीची गुरगुर.
आठ महिन्यांत पहिल्यांदा
तुझ्याकडे पाठ केली
आणि पाचच्या गजरापर्यंत झोपलो.