बोली

पहाटे साडेपाचला बाबांच्या गालात कापसाची वळी ठेवते.
चावा, म्हणते. ते ती बिडीसारखी ओढू बघतात.
दोन मिनिटं. मग वळी नळीत, नळीवर वेळ,
नळी फ्रीजरमध्ये, मांदेलीच्या डब्याशेजारी.

अशी दिवसातून चार वेळा थुंकी.
दापोलीच्या डॉक्टरबाई कागदावर रेघ काढून सांगत होत्या:
कॉर्टिसॉल पहाटे चढतं, रात्री उतरतं,
भरती-ओहोटीच समजा.
मी म्हटलं, बाई, मी हर्णैची.

बाबांची रेघ आली ती आडवी.
पहाटे जेवढं, रात्री अकरालाही जवळजवळ तेवढंच.
भांगाच्या दिवशीसुद्धा पाणी याहून जास्त हलतं.

गोमा पावसे. चाळीस वर्षं बंदरावर लिलाव पुकारला.
बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात, टोपल्या उतरतायत,
सुरमईचा भाव वर, आणखी वर,
आणि बाबा आकड्यांकडे नाही, माणसांच्या मानांकडे बघायचे.
कुठली मान आता वळणार हे कळलं की
एकवार, दोनवार, तीनवार. हात खाली.
त्यानंतर कुणाच्या बापाची बोली नाही.

मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला, एक भाग असतो
समुद्रघोड्याच्या आकाराचा. कधीमधी जाळ्यात येतो,
पोरं वाळवून कंपासपेटीत ठेवतात, तो.
आठवणी त्याच्याकडे. आणि आणखी एक काम:
धोका टळला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना
निरोप धाडायचा, बास.
पण ज्याला तो बास म्हणतो तेच त्याला झिजवतं,
आणि जितका झिजला तितका आवाज बारीक.
आधी काय बिघडलं? बाई चष्मा पुसत म्हणाल्या,
ते अजून कुणालाच नीट माहीत नाही.

उन्हं किल्ल्यामागे गेली की बाबा उठतात.
चपला उलट्या घालतात.
"नथूची बोट आली नाय."

नथूकाका नवव्या दिवशी आला होता, बाबा.
इंजिन बंद पडलेलं, कुठल्याशा गुजराती बोटीनं ओढत आणला.
घरात शिरला आणि आधी तीन ताटं भात खाल्ला.
पुढे वीस वर्षं जगला, पत्त्यांत लबाडी करत.

ते सगळं गेलं.
त्या नऊ रात्री तेवढ्या राहिल्या,
आणि त्यांचा भाव अजून चढतोच आहे.

काल रात्री अकराला मीच पडवीत उभी राहिले, हात वर करून.
एकवार. दोनवार. तीनवार.

बाबांनी मला पायापासून वर पाहिलं,
नवख्या दलालाला पाहावं तसं.
"अशी नाय मिटवत बोली."
खांबाला धरून उठले. छाती भरून घेतली.
"एकवार!"
पाखाड्यांच्या अंगणातली कुत्री जागी झाली.
"दोनवार!"

हात वर.
हात वरच, कापतोय,
आणि डोळे माझ्या मानेवर.

मी मान हलवली नाही.
चौथ्या नळीला दहा मिनिटं उशीर झाला.