समुद्राचा धडा

सातवा धडा समुद्राचा.
म्हणालो, पुस्तकं दप्तरातच राहू द्या आज.

समुद्र कुणीकडे, विचारलं
तर अर्ध्या वर्गाची बोटं उगवतीला,
अर्ध्या वर्गाची मावळतीला.
कुणीच चुकलं नव्हतं.
दोन्हीकडून सारखेच लांब आहोत आम्ही,
मधे धानाच्या बांध्या, आणि रस्ता संपतो तिथे शाळा.

फळ्यावर एकच शब्द लिहिला: भरती.
डुलीचंद ताडकन उभा.
"पोलिसाची, गुर्जी! माहा भाऊ धावते रोज पहाटे,
सोळाशे मीटर."
मी पुसलं नाही.
शेजारी लिहिलं: पोलीस.
त्याच्या खाली: पाणी. पुढे जागा सोडली.

मग ओहोटी.
या शब्दाला वर्गात कुणी नातेवाईक नव्हता.
बऱ्याच वेळानं चैताली वलथरे, ढिवरांची पोर,
बसल्या बसल्याच म्हणाली,
"बोडीचं पानी उन्हाळ्यात मांगं सरते,
मंग गाळात शिंपले दिसतेत. तसं?"

तसंच.
फक्त तिथे उन्हाळा दिवसातून दोनदा येतो.

"दोनदा?"
"कोन वढते मंग पानी?"
उत्तर माझ्या जिभेवर होतं. गिळलं.
काहीतरी धड्यानेही सांगायला हवं.

खिचडी शिजवणाऱ्या अनसूयाबाईंकडून
ओंजळभर मीठ आणलं (त्या कुरकुरल्या),
बादलीत ढवळलं, बोट बुडवून चाखा म्हटलं.
तोंडं वाकडी झाली, थुंकायला रांग लागली.
"येवढं पानी, अन् पेता येत नाई?"
हा प्रश्न स्वाध्यायात कुठेच नाही.

"गुर्जी, तुमी पायला का?"

नाही, म्हणालो.
मला कुणी मीठ चाखवलं नव्हतं.
अथांग म्हणजे खूप खोल, एवढं लिहून
दोनपैकी दोन मिळवले होते मी,
आणि त्या दोन गुणांवर
आजवर समुद्र शिकवत आलो.

हे शेवटचं मोठ्यानं नाही म्हणालो.

घंटेला दहा मिनिटं उरली, तेव्हा
उघडा, म्हटलं.

डुलीचंदचं बोट ओळींवरून धावत सुटलं,
भरतीपाशी धापा टाकत थांबलं.
चैतालीनं वाचायला घेतलंच नाही अजून.
चित्रातलं पाणी जिथून मागे सरलंय
त्या वाळूवर ती नखानं
हळूहळू उकरते आहे.