पार्किंग क्रमांक चार

तिसऱ्या मजल्यावर वास्तुपुरुष पुरायला माती नसते.
आमच्या आग्नेय कोपऱ्याखाली चौगुल्यांचा गॅस,
त्याखाली दाताचा दवाखाना,
त्याखाली गाड्या.
गुरुजी म्हणाले, देव्हाऱ्यातच ठेवा, हल्ली चालतं.
तेव्हापासून तो चांदीचा पत्रा
निरांजनामागे पालथा पडून आहे,
पोटाखाली जमीन नसलेला.

विहिरीचं मला बिराप्पानं सांगितलं.
बिराप्पा आमचा वॉचमन, जतकडचा.
रात्री बॅटरी पायांवर मारतो, तोंडावर कधीच नाही.
"चार नंबरात बाया हायत्या, मॅडम.
सांगलीच्या ह्या अंगाला समदं हळदीचं रान. मोटंची हीर हुती.
बिल्डरनं मुरूम वतला, रोलर फिरवला.
बुजिवली म्हणून जात्याल कुठं?
त्यास्नी दुसरं गाव न्हाई."

मी देवभोळी नाही.
दिवसभर कोल्ड स्टोरेजमध्ये पोत्यांचा हिशेब लिहिते,
संध्याकाळी रुमाल पिवळा निघतो.
उपवास झेपत नाही,
आरतीत माझं कडवं हमखास चुकतं.
पण शेजारी कुणी नवं आलं तर
पहिल्या दिवशी चहा नेऊन द्यावा, एवढं वळण आहे.
इथे तर नवे आम्हीच.
मग चहा कुणी कुणाला द्यायचा?
हे काही ठरेना,
म्हणून अमावस्येला दहीभात नेला.

मगदूम सरांची पांढरी गाडी उभी होती.
चपलेचा अंगठा तुटल्याचं सोंग करून मी खाली बसले
आणि बंपरखाली सरकवला
केकचा पुठ्ठा, त्यावर भात,
सात हिरव्या बांगड्या, लहान मुलींच्या मापाच्या.
बायांचं माप विचारणार कुणाला?
काय बोलावं तेही ठाऊक नव्हतं.
म्हटलं, वर राहतो आम्ही. पावलांचा आवाज होत असेल.
मुलगी दोरीवरच्या उड्या मारते, शाल्मली नाव तिचं.
सांभाळून घ्या.

सकाळी पुठ्ठा चाटूनपुसून साफ,
आणि भिंतीवर मांजर, मिशांना दही.
बिराप्पा म्हणाला, "त्यांचंच हाय ते."
मी म्हटलं, बरं.

पुढच्या महिन्यात फळ्यावर सूचना लागली:
पार्किंगमध्ये अन्नपदार्थ ठेवू नयेत. उंदीर होतात.
उंदीर होतात, हे खरंच आहे.
तेव्हापासून मी नुसतं पाणी नेते, तांब्याभर.
पाण्याला पाणी देताना
जरा ओशाळल्यासारखं होतं.

मग तो ऑगस्ट.
आयर्विन पुलापाशी एकेचाळीस फूट,
रेडिओ, शिट्ट्या, ट्रॅक्टर,
नदी अजून चार गल्ल्या लांब.
आणि चार नंबरच्या फरशीच्या सांध्यातून
आवाज न करता पाणी वर आलं.
नितळ. गार. बोटभर.
तळाशी पडलेलं नाणं दिसावं इतकं स्वच्छ.
बिराप्पानं जिन्यातून सगळ्यांना हाका मारल्या.
चौगुल्यांच्या सासूबाईंना खुर्चीसकट वर घेतलं,
दवाखान्यातलं मशीन चौघांनी उचललं,
मगदूम सर गाडी कुपवाडच्या चढाला लावून आले, चालत.
तासाभरानं नदी आली,
तांबडी, काटक्या, कुणाच्या तरी घरचं पाट-पोळपाट घेऊन,
आणि दोन्ही पाणी एक झालं.

बिराप्पा म्हणतो, बायांनी सांगावा धाडला.
मगदूम सर म्हणतात, भूजल पातळी.
मी दोघांनाही मान हलवते.

फळ्यावरची सूचना अजून आहे, शाई फुटलेली.
सर मात्र हल्ली गाडी हातभर मागे लावतात,
चाक सांध्यावर येऊ देत नाहीत.
विचारलं तर म्हणतात, डिकी उघडायला बरं पडतं.

परवा देव्हारा पुसताना
तो चांदीचा पत्रा मी पदरात घेतला आणि खाली नेला.
त्या सांध्यावर पालथा ठेवला,
बिराप्पाचा चहा होईपर्यंत.
परत वर आणताना
हाताला गार लागत होता.