मीटरवर साडेतीन

मंद्रूपहून रेवणसिद्ध आला बोलेरो घेऊन,
दुपारी दोनला. अक्कलकोट रोडवरची सावलीसुद्धा
माझ्या शटरच्या आत येऊन बसलेली.
"आवाज कमी यालाय, मालक. आन् पाच मिनिटांत बंद.
खोक्यावर तर तीन हजार वॅट हाय की वो."

खोक्यावर असतंच.
खोकं छापायला वॅट लागत नाहीत.
मी मागची बारीक अक्षरं वाचतो,
जिथे छापणाऱ्याचं धाडस संपलेलं असतं:
आरएमएस दोनशे, चार ओहमवर.
तीन हजार ही आयुष्यात एकदा मारलेली उडी.
दोनशे म्हणजे रोजची पाळी.

दाराचं पॅनल उघडलं.
चारी स्पीकर कुणीतरी एकाच वायरीवर
शेजारी शेजारी टांगलेले.
चारला चारने भागलं, उरला एक,
आणि ब्रिज केलेला ॲम्प चारच्या खाली उतरत नाही.
उतरवला तर तापतो, लाल दिवा लावून बसतो.
गिऱ्हाइकाला वाटतं बिघडला.
बिघडत नाही तो. नको म्हणतो.

एकेकाला मीटर लावलं.
साडेतीन. साडेतीन. तीन पॉइंट चार.
"चार लिहिलंय की! फसवलं का वो?"
नाही रे. मीटर मोजतं ते गप्प बसलेल्या स्पीकरला.
गाणं सुरू झालं की त्याचा रोध हलतो,
खर्जाला एक, तारेला दुसराच.
चार हा लोकांनी आपसांत ठरवलेला आकडा,
जसं वय विचारलं की नायना "साठ" म्हणायचे,
कितीतरी वर्षं.

चौथा मीटरला काहीच बोलला नाही.
कागद फाडून पाहिलं: कॉइल काळी,
जळक्या वार्निशचा वास.
"जास्त पावरनं जळाला न्हवं?"
सगळे असंच समजतात.
गेन शेवटपर्यंत पिळलेला होता.
बेताच्या ॲम्पला ओरडायला लावलं
की लाटेचा माथा कापला जातो,
कारखान्याच्या पत्र्यासारखी सपाट होते ती,
आणि ते सपाटपण जाळतं.

नायना बत्तीस वर्षं पॉवरलूमवर.
मागांच्या खडखडाटात बोलायची सवय,
घरी मीठ मागतानाही ओरडत.
आम्हाला वाटायचं, केवढी ताकद.
एकदा शेठच्या केबिनबाहेर डबा घेऊन उभा होतो.
आत ते बोनस मागत होते,
आणि मला ऐकू आला
वरून कापलेला आवाज.
तोच ते संध्याकाळी घरी आणायचे.
अम्मा विड्या वळत बसायची
अगदी समोर.
तिच्यातलं काय जळालं
ते आम्ही कुणी मीटर लावून पाहिलं नाही.

लोक म्हणतात, गुंडेटी, तू पत्रिका जुळवतोस.
पत्रिकेत आकडे जमवून घेता येतात.
मी दोन-दोन स्पीकर एकामागे एक ओवले, झाले आठ-आठ,
मग त्या दोन जोड्या शेजारी बसवल्या.
पुन्हा चार.
जळालेल्याच्या जागी तसाच नवा.
दोनशे चौघांत, पन्नास-पन्नास, ज्याला जेवढं पचतं तेवढं.
गेन उलटा फिरवत आणला, फाटका स्वर मिटेपर्यंत,
आणि वर आणखी जरासा, माझ्या भीतीचा.

रेवणसिद्धने कन्नड भजन लावलं.
"कमीच वाटालंय की," म्हणाला,
आणि मग हात वर करून मला गप्प केलं.
ढोलाच्या मागं, पेटीच्याही मागं,
"कोण तर खोकालाय वो."

पुन्हा मागे नेऊन ऐकलं. खोकला होता.
इतकी वर्षं त्या भजनात बसलेला एक म्हातारा.

बिल सोळाशे झालं.
शंभर कमी करून घेतले त्याने,
काच वर केली,
आणि होटगी रोडच्या वळणापर्यंत
मला काहीही ऐकू आलं नाही.