पुठ्ठा

सकाळी बर्फावर लाल ठिपका,
कोटाच्या बटणाएवढा.
डोरीनने आधी कुत्र्याला हाक मारली,
त्याचे चारही पंजे एकेक करून उलटे धरले,
बोटांमधला बर्फ फुंकून पाहिला.
कुत्रा धड होता.
मग हातमोजा काढून तिने ठिपक्यालाच बोट लावलं.
बुळबुळीत. वास जळका, थोडा गोड.

मायनॉटमध्ये त्या दिवशी उणे सव्वीस.

रात्री तिने डायपरचं जुनं खोकं उलगडलं
आणि गाडीखाली सरकवलं,
आजारी माणसाच्या खाटेखाली भांडं सरकवावं तसं.
इंजिन गोठू नये म्हणून लावलेली केशरी वायर
भिंतीपासून गाडीच्या नाकापर्यंत गेलेली.
सलाइनवरचा पेशंटच म्हणा.

पहिल्या दिवशी तीन ठिपके.
चौथ्या दिवशी ते एकमेकांना मिळाले.
ऑटो म्हणाला, डायनोसॉर.
लिनिया म्हणाली, वेड्या, तो कॅनडा आहे.
दोघांना तिसऱ्या रांगेत कोंबलं, धाकटीला मध्ये,
हॉकीच्या पिशव्या पायांत.
दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना गाडी अडखळली,
बोलता बोलता कुणी शब्द गिळावा तशी.

ड्वेन तेलाच्या विहिरींवर, दोन आठवडे तिकडे, दोन घरी.
फोनवर म्हणाला, गाडी ठीक ना?
ठीक, ती म्हणाली.
थंडीत सगळ्याच कुरकुरतात.

व्हर्लिनच्या गॅरेजात गाडी वर उचललेली.
नऊ वर्षांत तिने तिला खालून कधी पाहिलंच नव्हतं:
रस्त्यावरच्या मिठाचे पापुद्रे,
कुठल्याशा शेतातलं गव्हाचं काड, अजून पिवळं.
व्हर्लिनने तेलाचं तबक काढून समोर धरलं.
तेल लाल नव्हतंच आता,
रात्रभर चुलीवर राहिलेल्या कॉफीसारखं.
तळाशी चुंबक, चुंबकावर लोखंडाची लव,
उंदराच्या पिल्लासारखी मऊ दिसणारी.
"ही नळी. मिठाने खाल्ली. अठरा डॉलर."
"आणि बाकीचं?"
बाकीचं त्याने पाकिटाच्या मागे लिहिलं
आणि पाकीट तिच्याकडे फिरवलं.
मोठ्याने वाचणं त्यालाही जड गेलं असावं.
चार हजार आठशे साठ.
गाडी विकली तर पाच येतील, तेही गिऱ्हाईक आंधळं असेल तर.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि कोंबडी तर आधीच शिजून करपलेली.

वॉरंटी संपून नऊशे मैल झालेले.
कंपनीतली बाई फोनवर तीनदा म्हणाली,
मी समजू शकते.
तिचा आवाज इतका गोड होता की डोरीननेच तिला सॉरी म्हटलं.

ती नळी मात्र तिने मागून घेतली.
कागदी पिशवीत घालून आणली, टेबलावर ठेवली,
आणि रात्री ड्वेनला सगळं सांगितलं: पुठ्ठा, कॅनडा, आकडा.
पलीकडे बराच वेळ पंपांचा आवाज.
मग तो म्हणाला,
"मला दिसला होता. नोव्हेंबरात. बर्फ पडायच्या आधी.
मी त्यावर मांजराची वाळू टाकून झाडून घेतलं."

गॅरेजच्या कोपऱ्यात ती पिशवी तिने पाहिली होती,
अर्धी रिकामी, तोंडाला गाठ.
ओलांडून गेली होती कितीदा, कपड्यांची टोपली घेऊन.
त्यांच्या घरात मांजर नाही.

मार्चमध्ये बोट विकली.
घेणारा माणूस बोटीला थोपटत म्हणाला, काय मासे पाहिलेत हिने!
ड्वेनने काहीतरी आकडा सांगितला, खरा नसावा.
आता गॅरेजात बोटीच्या जागी गाडी असते,
नवा गिअरबॉक्स, खाली तोच पुठ्ठा, दुसऱ्या बाजूने उलटलेला.

तो घरी असतो तेव्हा पहाटे टॉर्च घेऊन वाकतो.
ती नंतर वाकते, मुलं मोजे शोधत असताना.
काल त्यावर एकच नवी खूण होती,
कुत्र्याच्या ओल्या पंजाची.
तिने तरी बोट लावून पाहिलं.